झाड खातं तरी काय? माती आणि पीकपोषणाच्या जुन्या प्रयोगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माती परीक्षणाचा कागद हातात आला की त्यावर सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कार्बन), नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) असे रकाने दिसतात. हे रकाने ठरायला जवळपास तीनशे वर्षं लागली, आणि त्या काळात अतिशय हुशार माणसं अतिशय ठामपणे चुकली. त्या प्रयोगांबद्दल लोक जे विचारतात, त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. गोष्ट बरीचशी युरोपातली आहे. आपला भाग शेवटाकडे येतो.

झाडाला अन्न मातीतून मिळतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यासाठी प्रयोग कशाला लागले?

कारण ते बहुतांशी खरं नाही. वाळलेल्या लाकडाची मोळी चुलीत घाला. मागे मूठ-दोन मूठ राख उरते. मातीतून आलेलं जे काही आहे ते मुख्यतः त्या राखेत असतं. बाकीचं सगळं वजन हवेतल्या कर्बाचं आणि पाण्याचं. आणखी एक मेख आहे: नत्र मातीतूनच आलेला असतो, पण तो राखेत सापडत नाही, धुराबरोबर निघून जातो. पुढे एका थोर रसायनशास्त्रज्ञाची फजिती याच मेखेने केली. म्हणून राखेची ही मूठ लक्षात ठेवा.

कुंडीतल्या विलोचा तो प्रसिद्ध प्रयोग नेमका काय होता?

यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मोंट हा ब्रुसेल्सकडचा वैद्य. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत भरली आणि ५ पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं (विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातलं झाड). धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोकं पाडलेला पत्रा बसवला आणि पाच वर्षं फक्त पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड १६९ पौंड आणि वर तीनेक औंस भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट जेमतेम २ औंस. निष्कर्ष: झाड पाण्यापासूनच बनतं. हे १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं.

तोलाई चोख होती. चूक झाली ती तराजूत काय ठेवायचं ते ठरवताना. हवा त्याने हिशेबात धरलीच नाही. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द याच माणसाने रूढ केला. ६२ पौंड कोळसा जाळल्यावर १ पौंड राख उरते आणि बाकीचा वायू होऊन जातो, हेही त्यानेच नोंदवलं होतं. म्हणजे झाडातला वायू त्याच्या हातात होता. तो झाडात शिरला कसा, एवढंच विचारायचं राहून गेलं. आणि ते हरवलेले २ औंस त्याने किरकोळ म्हणून सोडून दिले. पुढची दोनशे वर्षं भांडण झालं ते त्या २ औंसांवर.

मग ‘पाणी हेच अन्न’ हे कुणी खोडलं?

लंडनच्या जॉन वुडवर्डने, पुदिन्याच्या जुड्या वापरून. त्याने पुदिना वेगवेगळ्या पाण्यात वाढवला: पावसाचं, थेम्स नदीचं, हाइड पार्कच्या नळाचं, आणि त्याच नळाच्या पाण्यात बागेतली माती कालवलेलं. पावसाच्या पाण्यातलं रोप २८ ग्रेन (ग्रेन म्हणजे वजनाचं अगदी बारीक माप) होतं, त्यात साडेसतरा ग्रेनची भर पडली. माती कालवलेल्या पाण्यातलं ९२ ग्रेनचं रोप २८४ ग्रेनने वाढलं, म्हणजे मूळ वजनाच्या तिप्पट भर. १६९९ साली त्याने जाहीर केलं की झाडाचं अन्न पाणी नव्हे, माती. पाणी हे नुसतं वाहन.

आज आपण म्हणू, मातीतले विरघळलेले क्षार. तो म्हणाला, माती. फरक बारीक वाटतो, पण पुढचा गोंधळ त्यातूनच झाला.

कसला गोंधळ?

जेथ्रो टलचा. बर्कशायरच्या या जमीनदाराने पेरणीयंत्र बनवलं (आपल्याकडे पाभर-तिफण जुनीच, पण इंग्लंडात तेव्हा बी मुठीने फोकत) आणि १७३१ साली घोड्याने ओढायच्या कोळप्यावर पुस्तक लिहिलं. मुळांना बारीक तोंडं असतात आणि ती मातीचे कण गिळतात, अशी त्याची समजूत. म्हणून माती जितकी बारीक तितकं झाडाचं पोट भरणार, खत दुय्यम.

कारण साफ चुकीचं. कोळपणी मात्र बरोबर, कारण तण जातं, भेगा बुजतात, ओल टिकते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने टलपेक्षा नेमकं कारण सांगितलं आहे.

हवेचा शोध कधी लागला?

पुन्हा पुदिनाच. १७७१ साली जोसेफ प्रीस्टलीने काचेच्या भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली आणि आत पुदिन्याची काडी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. १७७९ मध्ये यान इंगेनहाउसने दाखवलं की हे काम फक्त हिरवे भाग आणि तेही उजेडातच करतात. जिनिव्हाच्या सेनेबिएने कार्बन डायऑक्साइडची बाजू पुढे आणली. नंतर जिनिव्हाच्याच थिओडोर द सोस्यूरने १८०४ साली सगळा हिशेब आकड्यांत मांडला: झाडाचा कर्ब हवेतून, वजनातली बाकी मोठी भर पाण्यातून, आणि थोडे पण अत्यावश्यक क्षार मुळांवाटे मातीतून. मूळ समोर येईल ते सरसकट ओढत नाही, निवड करतं, हेही त्याने मोजून दाखवलं.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत कमी लेखलेला माणूस हाच. प्रश्न १८०४ मध्येच जवळजवळ सुटला होता, पण शेतीवर लिहिणाऱ्यांनी पुढची ३५ वर्षं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

का दिलं नाही?

कारण डोळ्यांना दिसणारी गोष्ट वेगळी होती. शेणखत घातलेल्या काळ्याभोर मातीत पीक जोमदार येतं. मग झाड तो काळा भागच खात असणार, असं कुणालाही वाटेल. प्रशियातल्या म्योग्लिनला शेतीचं विद्यालय चालवणाऱ्या आल्ब्रेख्ट टेअरने यालाच सिद्धान्ताचं रूप दिलं: झाडाचं खरं अन्न म्हणजे ह्युमस, कुजलेलं सेंद्रिय द्रव्य. त्याचा शेतीव्यवहार उत्तम होता, फेरपालटीचे हिशेब काटेकोर होते, म्हणून सिद्धान्तही लोकांनी मान्य केला.

तो खोडला त्याच्याच शिष्याने. कार्ल श्प्रेंगेलने ह्युमसचा अर्क तपासला तेव्हा त्यात विरघळणारे क्षार सापडले, आणि खताचा गुण त्या क्षारांचा आहे असं त्याने १८२६ आणि १८२८ च्या लेखांत मांडलं. एखादं अन्नद्रव्य कमी पडलं तर बाकीची कितीही घातली तरी पीक त्या एका कमतरतेपाशी अडतं, हा ‘न्यूनतमाचा नियम’ही त्याचाच. पाठ्यपुस्तकांत नाव मात्र लीबिगचं दिसतं.

म्हणजे सेंद्रिय कर्बाला किंमत नाही?

असं कुणी म्हणू नये. झाड ह्युमस ‘खात’ नाही एवढंच सिद्ध झालं. माती भुसभुशीत ठेवणं, ओल धरणं, नत्र हळूहळू सोडणं, जिवाणूंना पोसणं ही कामं ह्युमस करतोच. सिद्धान्त पडला, शेणखत पडलं नाही.

लीबिगला कृषी रसायनशास्त्राचा जनक म्हणतात. ते योग्य आहे का?

जनक म्हणण्यापेक्षा नगारा वाजवणारा म्हणावं. युस्टुस लीबिग गीसेनच्या प्रयोगशाळेत जगभरचे विद्यार्थी घडवत होता. १८४० साली त्याचं शेतीवरचं पुस्तक आलं आणि ह्युमस सिद्धान्त खऱ्या अर्थाने मोडला तो त्या पुस्तकाच्या धडाक्याने. सोस्यूर, श्प्रेंगेल यांनी सांगितलेलं त्याने अशा भाषेत सांगितलं की जमीनदार, कारखानदार, सरकार सगळे जागे झाले. पिकाने जमिनीतून नेलेली खनिजं जमिनीला परत केलीच पाहिजेत, हा त्याचा आग्रह आजही तितकाच खरा आहे.

पण शेताच्या बांधावर तो घसरला, आणि दोनदा घसरला.

पहिली घसरण नत्राची. पावसाबरोबर हवेतला अमोनिया उतरतो, तेवढा पिकाला पुरतो, असं त्याने ठरवून टाकलं. मग शेणखताचं मोल त्याच्या राखेइतकंच. राखेची ती मूठ आठवते ना? नत्र राखेत नसतो. तरी त्याला सगळं मोल राखेतच दिसलं.

दुसरी घसरण त्याच्या पेटंट खताची. १८४५ च्या सुमारास लिव्हरपूलच्या मस्प्रॅट यांच्या कारखान्यात हे खत तयार झालं. पोटॅश पावसात वाहून जाईल या भीतीने त्याने पोटॅश आणि फॉस्फेट चुन्याबरोबर वितळवून काचेसारखं अविद्राव्य केलं. वाहून गेलं नाही हे खरं. पण पिकाच्या मुखीही लागलं नाही. खत सपशेल फसलं. शेवटी त्याने चूक कबूल केली, हा त्याचा मोठेपणा.

मग विद्राव्य खत मातीतून वाहून का जात नाही?

हा या सगळ्या गोष्टीतला माझा आवडता प्रसंग. यॉर्कशायरचा एक जमीनदार, हॅरी थॉम्प्सन. उकिरड्यातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर अमोनिया वाया जातो का, एवढाच त्याचा घरगुती प्रश्न. १८४५ च्या सुमारास त्याने मातीने भरलेल्या नळीवर अमोनियम सल्फेट घातलं आणि वरून पाणी सोडलं. खाली अमोनियम सल्फेट यायला हवं होतं. आलं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. अमोनिया मातीने ठेवून घेतला आणि बदल्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, दिला.

त्याने हे रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे यांना सांगितलं. वे यांनी १८५० पासून पद्धतशीर प्रयोग करून दाखवलं की ही अदलाबदल तोलामोलाची असते, जवळजवळ क्षणात होते, ती मुख्यतः चिकणमातीत होते आणि पोटॅशलाही लागू पडते. नायट्रेट मात्र माती धरत नाही, ते पाण्याबरोबर निसटतं. लीबिगने आधी हे धुडकावलं आणि नंतर मान्य केलं. हा शोध पाच वर्षं आधी लागला असता तर त्याला काच वितळवायची गरजच पडली नसती.

आपल्या काळ्या जमिनीची श्रीमंती इथेच आहे. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटातली, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पाडणारी चिकणमाती असते, आणि तिची ही अदलाबदलीची ताकद मोठी असते. पण याच दारातून संकटही आत येतं. कणांवरच्या कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, माती पाणी मुरू देत नाही आणि जमीन चोपण होते. ही प्रक्रिया रशियाच्या गेद्रोइत्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडली. चोपण जमिनीला जिप्सम देतात ते यासाठीच: थॉम्प्सनच्या नळीत झाला तसाच सौदा, यावेळी चुना आत आणि सोडियम बाहेर.

रोथॅमस्टेड म्हणजे नक्की काय?

लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन गावाजवळची जॉन बेनेट लॉज यांची वडिलोपार्जित जमीन. लॉज ऑक्सफर्डला गेले, पण पदवी न घेताच परतले. हाडांचा चुरा काही जमिनींत सलगमाला लागू पडतो, आपल्या जमिनीत का पडत नाही, हे शोधताना त्यांनी हाडांवर गंधकाम्ल ओतलं. फॉस्फेट विद्राव्य झालं. १८४२ साली पेटंट, पुढच्या वर्षी डेप्टफर्डला सुपरफॉस्फेटचा कारखाना. आणि त्याच १८४३ मध्ये त्यांनी जोसेफ हेन्री गिल्बर्ट नावाचा रसायनतज्ज्ञ नेमला, जो गीसेनला लीबिगच्याच हाताखाली डॉक्टरेट करून आला होता. ही जोडी ५७ वर्षं टिकली.

१८४३ च्या शरदात ब्रॉडबॉक नावाच्या शेतात त्यांनी गहू पेरला. एका पट्ट्यात काहीच नाही, एकात एकरी १४ टन शेणखत, एकात तेवढंच शेणखत जाळून त्याची राख, बाकीच्यांत निरनिराळे क्षार. १८४४ च्या सुगीत बिनखताच्या पट्ट्यात एकरी सुमारे १६ बुशेल (धान्य मोजायचं इंग्रजी माप) गहू आला, शेणखताच्या पट्ट्यात सुमारे २२. राखेच्या पट्ट्यात? बिनखताइतकाच. लीबिगचा नत्राचा सिद्धान्त एका हंगामात उघडा पडला. वाद मात्र वीसेक वर्षं चालला आणि दोन्ही बाजूंनी बराच कडवटपणा झाला.

१८४९ मध्ये पट्ट्यांखाली निचऱ्याच्या नळ्या घातल्या गेल्या. १८६० च्या दशकात ऑगस्टस व्होल्कर यांनी त्या नळ्यांचं पाणी तपासलं. अमोनियाचं खत जितकं जास्त, तितकं नायट्रेट पाण्यातून वाहून गेलेलं. वे यांनी नळीत पाहिलेलं आता शेतात मोजलं गेलं.

लॉज स्वतः खत विकत होते. मग त्यांच्या प्रयोगांवर विश्वास कसा ठेवायचा?

रास्त शंका. पण निकाल पाहा. विकत होते सुपरफॉस्फेट, आणि त्यांच्याच शेताने सांगितलं की गव्हाला आधी नत्र हवा, नुसत्या खनिजांनी फार फरक पडत नाही. शेणखताचा पट्टाही वर्षानुवर्षं चांगलं पीक देत राहिला. हे आकडे कुठल्याच खतविक्रेत्याच्या सोयीचे नव्हते, तरी छापले गेले. १८७२ मध्ये त्यांनी खताचा धंदा विकला, आणि १८८९ साली प्रयोग पुढे चालावेत म्हणून १ लाख पौंडांचा न्यास केला.

बिनखताच्या पट्ट्याबद्दल लोकांना नेहमी नवल वाटतं. त्याचं उत्पादन शून्यावर गेलं नाही. शतकाहून जास्त काळ ते हेक्टरी सुमारे १ टनावर, म्हणजे एकरी चारेक क्विंटलवर रेंगाळत राहिलं. जमीन मरत नाही, ती फक्त परवडेनाशी होते.

कडधान्याचा बिवड चांगला असतो, हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. शास्त्रज्ञांना कधी कळलं?

हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या बिवडावर, म्हणजे ते पीक निघालेल्या रानात, ज्वारी, गहू चांगला येतो हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रोमन लेखकांनीही तसं लिहून ठेवलं आहे. शास्त्राला मात्र हे मान्य करायला पन्नास वर्षं लागली, आणि त्याचं कारण मोठं मासलेवाईक आहे.

झाँ-बातिस्त बूसँगो हा फ्रेंच खाणतज्ज्ञ तरुणपणी कोलंबियात होता; परतल्यावर आल्सासमधल्या बेशेलब्रॉनच्या शेतावर त्याने शेतीचा ताळेबंद मांडायला घेतला. शेतात गेलेलं खत तोलायचं, तपासायचं. निघालेलं पीक तोलायचं, तपासायचं. फेरपालटीत क्लोव्हर (कडधान्याच्याच कुळातलं चाऱ्याचं पीक) किंवा वाटाणा असला की नत्राची शिल्लक जमेला येते, हे त्याला दिसलं. १८३८ च्या कुंडीतल्या प्रयोगांतही क्लोव्हर आणि वाटाण्याने नत्र मिळवला, गव्हाने नाही. मग १८५० च्या दशकात त्याने जास्त काळजी घेऊन, जास्त शुद्ध परिस्थितीत प्रयोग केले, आणि वाढ नाहीशी झाली.

रोथॅमस्टेडलाही तेच झालं. लॉज, गिल्बर्ट आणि अमेरिकेहून आलेला एव्हन प्यू यांनी १८५७ पासून काचेच्या हंड्यांखाली रोपं वाढवली, माती आधी तापवून घेतली, हवाही धुऊन आत सोडली. निकाल: झाडं हवेतला नत्र घेत नाहीत, कडधान्यंही नाहीत. प्रयोग इतका निर्दोष होता की पाव शतक कुणाला तो मोडता आला नाही. दोष त्या निर्दोषपणातच होता. माती तापवताना तिच्यातले जिवाणू मेले होते, आणि नत्र बांधणारे तेच होते.

उलगडा केला जर्मनीतल्या बर्नबुर्गच्या हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी. त्यांच्या वाळूच्या कुंड्यांत ओटचं पीक घातलेल्या नायट्रेटच्या प्रमाणात वाढायचं. वाटाणा मात्र मनाला येईल तसा. एका कुंडीत उपाशी, शेजारच्या कुंडीत फोफावलेला. असले विस्कळीत आकडे पाहून दुसऱ्या कुणी कुंड्या फेकून दिल्या असत्या. त्यांनी मुळं उपटून पाहिली. फोफावलेल्या रोपांना गाठी होत्या, उपाशी रोपांना नव्हत्या. निर्जंतुक वाळूत शेतातल्या मातीचा अर्क घातला तर गाठी आल्या. तोच अर्क उकळून घातला तर नाही. १८८६ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या सभेत त्यांनी हे सांगितलं तेव्हा गिल्बर्ट समोर बसले होते. घरी जाऊन त्यांनी आणि लॉज यांनी प्रयोग पुन्हा केला आणि आपला जुना निष्कर्ष मागे घेतला. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकने गाठींतला जिवाणू वेगळा काढला. आज बियाण्याला चोळतात ते रायझोबियम या शोधाचंच फळ.

शेणातला नत्र पिकाला कसा मिळतो?

त्याचं आधी नायट्रेट व्हावं लागतं. गोठ्याच्या भुईवर पांढरा सोरा, म्हणजे नायट्रेटचाच क्षार, फुलतो हे जुनं ज्ञान. बिहारमध्ये अशाच मातीतून सोरा काढून तो बंदुकीच्या दारूसाठी युरोपात जात असे. पण हा बदल निव्वळ रासायनिक मानला जाई. १८७७ मध्ये पॅरिसच्या श्लोएसिंग आणि म्युन्त्झ यांनी वाळू आणि चुनखडीच्या नळीतून सांडपाणी सोडलं. सुरुवातीचे दिवस काहीच घडलं नाही, मग नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की बंद, माती मिसळून दिली की पुन्हा सुरू. म्हणजे काम कुणातरी जिवंताचं. रोथॅमस्टेडच्या वॉरिंग्टनने दाखवलं की ते दोन टप्प्यांत होतं, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्कीने ते जिवाणू वेगळे केले.

सूक्ष्म अन्नद्रव्यं इतकी उशिरा का सापडली?

रसायनं अशुद्ध होती म्हणून. १८६० च्या दशकात सॅक्स आणि क्नोप यांनी नुसत्या क्षारांच्या पाण्यात झाडं वाढवली आणि दहा मूलद्रव्यांची यादी पक्की झाली. बोरॉन, जस्त त्या क्षारांतच कचऱ्यासारखं मिसळलेलं होतं, त्यामुळे त्याची उणीव कधी जाणवलीच नाही. १९२३ मध्ये रोथॅमस्टेडला कॅथरिन वॉरिंग्टन यांनी शुद्ध द्रावणात बाकल्याच्या शेंगेवर बोरॉनची गरज सिद्ध केली. वर आलेल्या वॉरिंग्टनची ही मुलगी. जस्ताची पक्की खात्री १९२६ मध्ये झाली.

मातीत स्फुरद भरपूर असतो असं सांगतात, तरी अहवालात ‘कमी’ का येतं?

मातीत एकूण किती आणि पिकाच्या हाती किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. सुरुवातीच्या रसायनतज्ज्ञांनी तीव्र आम्लात माती उकळून सगळं मोजलं, आणि ते आकडे शेतकऱ्याच्या काहीच कामाचे ठरले नाहीत. ऑक्सफर्डच्या डॉबेनीने १८४५ मध्ये ‘जागं’ आणि ‘निजलेलं’ अन्न असा भेद केला. १८९४ मध्ये बर्नार्ड डायरने मुळांच्या रसाचा आंबटपणा मोजून १ टक्का सायट्रिक आम्लाने माती धुऊन पाहिली. रोथॅमस्टेडच्या ज्या पट्ट्यांचा पन्नास वर्षांचा इतिहास माहीत होता, त्यांच्याशी त्याने हे आकडे पडताळले. चुनखडीच्या जमिनीत आम्ल चालत नाही, कारण ते चुन्यावरच खर्च होतं. म्हणून आपल्याकडच्या काळ्या जमिनींना १९५४ ची ओल्सेन पद्धत लावतात, सोडियम बायकार्बोनेटची.

महाराष्ट्रात हे संशोधन कधी आलं?

आधी भारतात. नळ्यांचं पाणी तपासणाऱ्या ऑगस्टस व्होल्करचा मुलगा जॉन १८८९ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून इथे आला, देशभर हिंडला, आणि १८९३ च्या अहवालात त्याने लिहिलं की भारतीय शेतकरी मागासलेला आहे ही समजूत चुकीची आहे. कित्येक ठिकाणी त्याला शिकवण्यासारखं फार थोडं आहे. खरी अडचण खताची आहे. लाकूड मिळत नाही म्हणून शेण चुलीत जातं. तेव्हा सरपणाची राखीव रानं लावा. म्हणजे रसायनतज्ज्ञाने सल्ला दिला तो सरपणाचा, आणि तो अचूक होता. १८९२ मध्ये जे. डब्ल्यू. लेदर सरकारचा कृषी रसायनज्ञ झाला आणि त्याने भारतीय मातींचे गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची असे चार ढोबळ गट केले.

पुण्याला कृषी महाविद्यालयात हॅरॉल्ड मॅन हे इंग्रज रसायनतज्ज्ञ आले आणि काम आपल्या मातीपाशी आलं. कोकणातल्या भाताच्या राबाचंच घ्या. शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पालापाचोळा पसरून दाढ, म्हणजे रोपं करायची जागा, भाजतात. जंगल खात्याला ती नासाडी वाटे. राबाचा गुण राखेत आहे की माती भाजण्यात, हा प्रश्न मॅन, जोशी आणि कानिटकर यांनी १९१२ च्या प्रबंधात तपासला. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, रोथॅमस्टेडच्या रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवलं होतं की माती तापवली की त्यानंतर तिच्यात अमोनिया जास्त मोकळा होतो. राब भाजणाऱ्याला शहाणा म्हणावं की नाही, याचा खल प्रयोगशाळेत चालला होता.

नीरेची गोष्ट अधिक कडू आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, ऊस आला, आणि थोड्याच वर्षांत सखल काळ्या जमिनी खारवट होऊ लागल्या. मॅन आणि ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या या जमिनींवर अहवाल काढला. पाणी वाढलं, निचरा नाही, खालची पाणीपातळी वर आली आणि क्षार घेऊन आली. उपाय चरांचा. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं, तिथे बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खड्डे खणून, थर पाहून कालव्याखालच्या जमिनींचे प्रकार ठरवले आणि त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं दिली. माती म्हणजे वरची वीतभर नव्हे, थरांसकट घडलेली स्वतंत्र वस्तू, हा रशियाच्या दोकुचायेवचा १८८३ चा विचार असा फलटण-बारामतीकडे पोचला. कालव्याखालच्या कित्येक गावांत तीच पांढरी जमीन आजही दिसते. अहवाल शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

ब्रॉडबॉकचं शेत अजून आहे का?

आहे, आणि गहू अजून पेरला जातो. लॉज-गिल्बर्टनी दरवर्षीचं धान्य, पेंढा, माती बाटल्यांत भरून ठेवायची सवय लावली होती; आज त्या कोठारात ३ लाखांहून अधिक नमुने आहेत. त्यांनी कल्पनाही केली नसेल अशी हवेतली प्रदूषकं नंतरच्या लोकांनी त्या बाटल्यांत शोधली. १९१९ मध्ये या आकड्यांचा अर्थ लावायला रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती नेमला, आणि आज कृषी विद्यापीठांत प्रयोगाची जी सांख्यिकी शिकवतात तिचा मोठा भाग त्याच नोकरीतून निघाला.

शेताच्या एका टोकाला अर्धा एकर तुकडा आहे. १८८२ मध्ये लॉज यांनी तिथला उभा गहू कापलाच नाही. कुंपण घातलं आणि सोडून दिला. सांडलेलं बी पुन्हा उगवलं, पण चार वर्षांनी शोधावं तेव्हा चार-दोन खुरटी रोपं सापडली. तण गव्हाला पुरून उरलं. आता तिथे मोठी झाडं आहेत, आणि त्यांच्याखालच्या मातीतला कर्ब आणि नत्र शेजारच्या गव्हाच्या पट्ट्यांच्या कितीतरी पुढे गेला आहे. खत तिथे कुणी घातलेलं नाही.